घुमटावांचून मशीद

मशीद म्हटली कीं एक गोल घुमट व त्याच्या दोहों बाजूंस दोन उंच मनोरे डोळ्यांपुढें उभे राहतात. शाळेंतल्या एखाद्या मुलास मशिदीचें चित्र काढावयास सांगितलें तर तोही तसेंच काढील. वास्तविक नमाजास या दोहोंपैकीं कशाचीच गरज नाहीं. स्वच्छ जागा, मक्केची दिशा आणि खांद्यास खांदा लावून रांगेंत उभें राहण्यापुरता अवकाश, एवढें असलें म्हणजे पुरे. पैगंबर मदिनेस येऊन राहिले तेव्हां त्यांच्या घरास लागूनच जी मशीद झाली, तिच्या भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुरीच्या बुंध्यांचे आणि छप्पर झावळ्यांचें होतें. बांग देण्याकरितां बिलाल घराच्या छपरावर चढत असे. घुमट व मनोरे मागाहून आले, आणि ज्या ज्या मुलखांत ते गेले त्या त्या मुलखाच्या हवेप्रमाणें व गवंड्याच्या हाताप्रमाणें पालटत गेले. कोठें कोठें तर आलेच नाहींत.

मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या दर्शनास जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं फोंड्याची साफा मशीद पाहिली असेल. १५६० सालीं, आदिलशाहींत, ती बांधली गेली. तिच्यावर उतरतें कौलारू छप्पर आहे व बाजूस एखाद्या देवळासमोर शोभावें असें चिऱ्यांचें बांधीव तळें आहे. कोंकणच्या पावसानें जें घर बांधणाऱ्यास शिकविलें तेंच मशीद बांधणाऱ्यासही शिकविलें, असें ती पाहतांना वाटतें.

ही जुनी गोष्ट आज नव्यानें सांगण्यास निमित्त आहे. सौदी अरेबियांत २०११ सालीं अब्दुल्लतीफ अल् फौझान यांच्या नांवाचें एक पारितोषिक स्थापन झालें. तें केवळ मशिदींच्या वास्तुकलेस वाहिलेलें आहे. प्रथम तें त्या देशापुरतें होतें, मग आखातांतील राज्यांपुरतें झालें, आणि तिसऱ्या फेरीपासून त्याचें क्षेत्र याहूनही दूरवर पसरलें. २०२१ सालीं गौरविलेल्या इमारतींत सुमात्रा बेटावरील पाडांग शहराची थोरली मशीद होती. तिचे स्थपति रिझाल मुस्लिमीन यांनीं घुमट मुळींच घातला नाहीं. त्या ठिकाणीं चारी कोपरे वर उचललेलें एक प्रचंड छप्पर आहे. या आकारामागें एक कथा सांगतात. मक्केंतील काब्याची पुन्हां बांधणी चालली असतां तेथील काळा पाषाण जागेवर कोणीं बसवावा यावरून कुरैश घराण्यांत हातघाईची वेळ आली. मुहंमद तेव्हां पैगंबर झालेले नव्हते. त्यांनीं एक वस्त्र पसरून त्यावर पाषाण ठेवला आणि प्रत्येक घराण्याच्या प्रमुखास एकेक टोंक धरावयास सांगितलें. चौघांनीं उचललेलें तें वस्त्र म्हणजे हें छप्पर. परंतु पाडांगच्या रहिवाशास त्यांत आपल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या घरांचीं शिंगांसारखीं वळलेलीं टोंकेंही ओळखूं येतात. या समाजांत वडिलोपार्जित घर आईकडून मुलीकडे जातें, हेंही येथें सांगून ठेवतों. एका छपरांत मक्का व आजोळ दोन्ही सामावलीं!

याहून जुनें व अधिक गाजलेलें पारितोषिक आगाखानांचें. १९७७ सालीं चौथ्या आगाखानांनीं तें सुरू केलें. त्यांच्या आजोबांनीं पुण्यास बांधलेला वाडा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. कस्तुरबांनीं व महादेवभाई देसायांनीं तेथेंच स्थानबद्धतेंत देह ठेवला, आणि १९६९ सालीं याच आगाखानांनीं तो राष्ट्रास अर्पण केला. त्यांचें पारितोषिक मशिदींपुरतें नाहीं. शाळा, घरें, जुन्या पेठांची दुरुस्ती, सर्व कांहीं त्यांत येतें. त्याची एक रीत आम्हांस विशेष आवडली. गौरव होतो तो एकट्या स्थपतीचा नव्हे. गवंडी, कारागीर, पैसा उभारणारा धनी यांचाही नामनिर्देश त्यांत असतो.

या रीतीची खरी कसोटी १९८६ सालीं लागली. त्या वर्षीं दोन नव्या मशिदी निवडल्या गेल्या. एक नायजर देशांतील यामा गांवची. फाल्के बार्मू नांवाच्या गवंड्यानें गांवकऱ्यांच्या हातांनीं ती मातीच्या विटांची उभारली. काम १९६२ पासून वीस वर्षें होत राहिलें. तिच्याविषयीं कोणास तक्रार करण्याचें कारण नव्हतें. गरिबाची साधी, सुंदर वस्तु विद्वानांस नेहमींच आवडते.

दुसरी मशीद मात्र घशांत अडकली. पाकिस्तानांतील रहीमयार खान जिल्ह्यांत भोंग नांवाचें गांव आहे. तेथील जमीनदार रईस गाझी मुहंमद यांनीं १९३२ सालीं तिचें काम काढलें आणि तें जवळजवळ पन्नास वर्षें चाललें. त्यांच्या पश्चात् मुलानें तें पुढें नेलें. संगमरवर, सागवान, हस्तिदंत, आरसे, सोन्याचा मुलामा आणि रंगीत कांचा यांच्याच जोडीला रंगीत सिमेंटच्या फरशा व टेराझो. डोळा ठरेल अशी रिकामी जागा नाहीं. अभिरुचीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकांत हिला नापास करतील. परीक्षकांनीं तिला पारितोषिक दिलें तें लोकांच्या आवडीचा हा जिवंत, अभिमानी आविष्कार आहे म्हणून. यावर वाद माजला, आणि तो माजणें योग्यच होतें.

आमचें मत विचाराल तर भोंगची मशीद आम्हांस सुंदर वाटत नाहीं. पण तिला हंसण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे? गांवोगांवच्या देवळांचे जीर्णोद्धार पाहावे. जुना काळा पाषाण तैलरंगानें माखलेला, गाभाऱ्यास न्हाणीघराच्या चकचकीत फरशा, शिखरावर विजेच्या माळा. आम्ही नाक मुरडतों, आणि ज्यांनीं पदरचे पैसे घालून हें केलें ते मात्र तृप्त अंतःकरणानें हात जोडून उभे असतात. देवाचें घर कोणाच्या आवडीनें सजवावें? त्यांच्या, कीं जे कधींमधीं पाहावयास येतात त्यांच्या? भोंगच्या परीक्षकांनीं निदान हा प्रश्न टाळला नाहीं. फोंड्याचें तें कौलारू छप्पर जर लोकांचें, तर हे आरसेही लोकांचेच.

बांगलादेशांत हा पेंच एका बाईंनीं निराळ्या रीतीनें सोडविला. ढाक्याच्या उत्तरेकडील गजबजलेल्या वस्तींत मरीना तबस्सुम यांच्या आजी सुफिया खातून यांची जमीन होती. जवळच्या माणसांचे वियोग सोसल्यावर या वृद्ध बाईंनीं तिचा एक तुकडा मशिदीसाठीं दिला व नकाशा काढण्याचें काम नातीस सांगितलें. प्रथम एक तात्पुरतें छप्पर उभें राहिलें. पुढें आजी निवर्तल्या. मग नातच स्थपति, धनी, वर्गणी गोळा करणारी आणि कामावर देखरेख करणारीही झाली. बांगलादेशांत बायका बहुधा घरींच नमाज पढतात, हें लक्षांत घेतां एका बाईनें दिलेल्या जमिनीवर दुसरीनें पुरुषांकरितां मशीद बांधावी यांत कांहीं वेगळेंच आहे.

अडचण जमिनीच्या आकाराची होती. तुकड्याच्या कडा व मक्केची दिशा यांत तेरा अंशांचा फरक पडत होता. साधी चौकोनी मशीद बांधली असती तर नमाजाच्या रांगा भिंतींस तिरक्या झाल्या असत्या. बाईंनीं बाहेर चौकोन ठेवला, त्याच्या आंत विटांचा गोल बसविला, आणि त्या गोलांत नमाजाचें दालन हवें तितकें फिरवून मक्केकडे वळवलें. या फिरवण्यानें चारी बाजूंस चौक निघाले व त्यांतून उजेड व वारा आंत आला. दालनाचें छप्पर कडेच्या आठ खांबांवर तोललेलें आहे. मध्यें एकही खांब नाहीं. छपरास इतस्ततः गोल झरोके आहेत, त्यांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडतात व दिवसाबरोबर सरकत जातात. मक्केच्या बाजूस भिंतींत एक उभी चीर ठेवलेली आहे. तिच्यांतून प्रकाश येतो, पण ती अशी तिरकी घेतली आहे कीं रस्त्यानें जाणारेंयेणारें माणूस नमाज पढणाऱ्यास दिसूं नये. घुमट नाहीं, मनोरा नाहीं. भाजलेली वीट मात्र बंगालच्या सुलतानांच्या काळापासून तेथील मशिदींची आहे, आणि शेजारच्या घरांचीही तीच.

बैत-उर-रऊफ नांवाची ही मशीद २०१२ सालीं पुरी झाली व २०१६ सालीं तिला आगाखान पारितोषिक मिळालें. सारें बांधकाम आठ हजार चौरस फुटांच्या आसपास. पुरापासून बचाव व्हावा म्हणून तिचें जोतें उंच घेतलें आहे. दाट वस्तींत मोकळी जागा दुर्मिळ. म्हणून नमाजाच्या वेळा सोडून इतर वेळीं त्या जोत्यावर मोहल्ल्यांतली माणसें येऊन बसतात, आणि मुलें खेळतात.