'नाही' म्हणा, पण गिऱ्हाईक तोडू नका

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की शिंप्याच्या दुकानात एक देखावा हमखास दिसतो. तराविहची नमाज आटोपून गिऱ्हाईक दुकानात शिरते. हातात कापडाची पिशवी असते. "मास्टर, कुर्ता-पायजम्याचे दोनच जोड आहेत. ईदच्या नमाजला मुलांना घालायचे आहेत. एवढे कराच." मास्टरच्या मागे कापडाचे गठ्ठे रचलेले असतात. कारागीर सेहरीपर्यंत मशीनवर बसलेले असतात. काम होणार नाही हे मास्टरला पक्के ठाऊक असते. तरीही तोंडातून शब्द निघतात, "ठेवून जा, बघतो."

या 'बघतो'चा निकाल चाँदरातीला लागतो. बाप दुकानाच्या पायरीवर उभा, मुले झोपेला आलेली, आणि कापड अजून बेतलेलेही नाही. मग आवाज चढतो, चार माणसे जमतात. ते गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही, आणि मोहल्ल्यात दहाजणांना सांगते ते वेगळेच. दहा दिवस आधी नम्रपणे नकार दिला असता तर त्याला थोडे वाईट वाटले असते, पण त्याने तयार कपडे तरी घेतले असते.

मराठीत म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. आपले कारागीर आणि छोटे दुकानदार मेहनतीत कुणाला हार जात नाहीत, पण भिडेपोटी मार खातात. समोरचा नातेवाईक असतो, शेजारी असतो, मशिदीत खांद्याला खांदा लावून उभा राहणारा असतो. त्याला तोंडावर नाही कसे म्हणायचे? पण नकार देणे म्हणजे अपमान करणे नव्हे. सूरह बनी इस्राईलच्या २८व्या आयतीत, मागणाऱ्याला देण्यासारखे सध्या हाती नसेल आणि त्याला परत पाठवावे लागत असेल, तर त्याच्याशी मऊपणाने बोला, अशी शिकवण आहे. म्हणजे माणसाला परत पाठवण्याची वेळ येतेच, ती रीत मात्र चांगली हवी. ही रीत धंद्यात कशी पाळायची, याचा येथे विचार करू.

हिशेब आधी, जबान नंतर

वेळेवर नकार देण्यासाठी आपली ताकद आकड्यात ठाऊक हवी. समजा, तीन कारागीर आहेत आणि प्रत्येकजण दिवसाला तीन जोड उतरवतो. दिवसाचे नऊ जोड झाले. लाइट जाणे, आजारपण, काज-बटण आणि प्रेस यांसाठी दिवस सोडून महिन्यात २५ दिवस धरले तर २२५ जोड होतात. वहीत २०० जोड लिहून झाले की नवे काम बंद करावे. उरलेले २५ जुन्या गिऱ्हाइकांसाठी आणि अडीअडचणीसाठी राखावेत. 'ईदच्या ऑर्डरी बंद' ही पाटी दुकानावर लागली की निम्मे नकार ती पाटीच देते. पाटी सर्वांना सारखीच असते, म्हणून कुणाला राग येत नाही. मात्र पाटी लावून मागल्या दाराने ओळखीच्यांचे कापड घेतले, तर पाटीची किंमत जाते.

तरीही कुणी अडून बसला तर सरळ सांगावे, "भाईजान, कापड ठेवून घेतले तर ईदला तुमची मुले नाराज होतील. ईदनंतर आठव्या दिवशी हवे असेल तर आत्ता माप घेतो." यात नकार आहे, कारण आहे आणि दुसरा मार्गही आहे. नकाराची ही तीन अंगे लक्षात ठेवावीत. कारण एकच आणि खरे द्यावे. चार कारणे दिली की समोरचा एकेक खोडून काढतो.

उधारीला नकार

किराणा आणि कापडवाल्यांचे खरे दुखणे उधारी. शंभराच्या विक्रीत दहा रुपये सुटतात असे धरा. हजाराची उधारी बुडाली तर घरातून घातलेले नऊशे गेले. ते भरून काढायला नऊ हजारांची रोख विक्री करावी लागते. म्हणजे एका माणसाची भीड नऊ हजारांच्या मेहनतीला पडते.

'आज रोख, कल उधार' ही पाटी जुनी झाली. तिने गिऱ्हाईक हसते आणि उधार मागतेच. त्याऐवजी आपला नियम ठरवावा आणि नकार नियमावर सोपवावा. "चाचा, मागची बाकी मिटल्याशिवाय नवी लिहायची नाही, हा दुकानाचा नियम आहे. आज लागते तेवढे रोखीने न्या, मागचे हप्त्याने द्या." चारचौघांत हे बोलू नये. गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगावे. नकारापेक्षा लोकांसमोर झालेली शोभा माणसाला जास्त लागते.

जे उधार द्याल ते लिहून द्या. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, आणि कायदाही तेच सुचवतो. १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, परतफेडीची मुदत ठरली नसेल तर विकलेल्या मालाच्या पैशासाठी माल दिल्यापासून साधारण तीन वर्षांत दावा करावा लागतो. त्या मुदतीत देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याची सही दिली तर मुदत नव्याने सुरू होते. खरोखर तंगीत असलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला सवलत द्यावी किंवा मदत म्हणून सोडून द्यावे, पण ती मदत आहे हे मनाशी ठरवून द्यावे.

जामीन राहा म्हणणारे

"फक्त एक सही हवी आहे," असे म्हणत येणारा सर्वात जड असतो. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकले तर बँक आधी कर्जदाराच्या मागे लागलीच पाहिजे असे नाही, ती थेट जामीनदाराकडे येऊ शकते. दुसऱ्याच्या टेम्पोचे हप्ते स्वतःच्या दुकानातून भरण्याची पाळी येते.

येथे 'विचार करून सांगतो' हे उत्तर घातक असते. माणूस आशेवर राहतो आणि दुसरीकडे जात नाही. त्याच दिवशी सांगावे, "घरात ठरले आहे, कुणाच्याही कर्जावर सही करायची नाही. सख्ख्या भावालाही हेच सांगेन. पण बँकेचे कागद तयार करायला मी तुझ्याबरोबर येतो." आणि मग खरोखर जावे.

खोटे बिल, न जमणारे काम

काही मागण्यांना मऊ शब्द पुरत नाहीत. माल न देता नुसते बिल फाडून मागणारे व्यापारी भेटतात. २०१७च्या जीएसटी कायद्यात अशा बिलाला दहा हजार रुपये किंवा कराइतकी रक्कम, यात जे जास्त असेल तेवढा दंड आहे. रक्कम मोठी असेल तर तुरुंगही आहे. येथे पर्याय सुचवू नये, सबबही सांगू नये. "हे माझ्याकडे होत नाही" एवढेच म्हणावे आणि विषय बदलावा.

न येणारे काम घेणेही तसेच नुकसानीचे. लोखंडी ग्रिल करणाऱ्याने स्टीलच्या रेलिंगची ऑर्डर भिडेने घेतली तर माल बिघडतो आणि नावही जाते. "हे काम माझ्या हातचे नाही, अमुक मिस्त्री ते चांगले करतो" असे सांगणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटत नाही. पुढच्या वेळी ग्रिलसाठी ते त्याच्याकडेच येते, आणि तो मिस्त्रीही उपकार विसरत नाही.

कारागिराने सेठला कसे सांगावे?

दुकानात नोकरी करणाऱ्याची अडचण निराळी. सेठ एकामागून एक काम देतो आणि नाही म्हटले तर रोजी जाण्याची भीती असते. त्याने 'होणार नाही' म्हणण्याऐवजी हातातले काम समोर ठेवावे. "सेठ, आज हे तीन नग माझ्याकडे आहेत. हा चौथा आधी घेतला तर एक उद्यावर जाईल. कोणता ठेवू, आपण सांगा." निर्णय सेठचा राहतो, आणि उद्या उशीर झाला तर दोष एकट्या कारागिरावर येत नाही. सेठ लोकांनीही ध्यानात घ्यावे की असे बोलणारा कारागीर कामचुकार नसतो. माल बिघडवून गप्प बसणाऱ्यापेक्षा तो कितीतरी परवडतो.

व्यापाऱ्याचे भांडवल तिजोरीत असते त्याहून जास्त त्याच्या जबानीत असते. ज्याची 'नाही' खरी असते, त्याच्या 'हो'वर बाजार विश्वास ठेवतो. येत्या रमजानमध्ये आपल्या दुकानात किती जोड होतील, याचा हिशेब शाबान महिन्यातच वहीत मांडून ठेवा. चाँदरातीला कुणाचे मूल तुमच्या पायरीवर झोपून राहणार नाही.