चौक बिंदूत मावत नाही

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधला पत्ता सांगायला रस्त्याचं नाव लागत नाही, आकडा पुरतो. रोड नंबर १६, रोड नंबर २२, रोड नंबर २८. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. अशी आखीव वसाहत नकाशावर उतरवणं सोपं: रस्त्याची एक रेघ, दोन रेघा छेदल्या की चौक. खरी परीक्षा वसाहतीच्या वेशीवर होते, तीन हात नाक्याला.

तिथे पूर्व द्रुतगती महामार्ग उड्डाणपुलावरून जातो. पुलाखाली मुलुंड चेक नाक्याकडून आलेला लालबहादूर शास्त्री मार्ग, महामार्गाला लागून सर्व्हिस रोड, आणि पुलावर न चढलेली वाहनं सिग्नलला खोळंबलेली. पुढे नितीन कंपनी आणि कॅडबरी नाक्यांवरही महामार्ग असाच वरून जातो. मुंबईकडून वागळेला येणाऱ्याने तीन हात नाक्याचा पूल सुरू होण्याआधीच डावीकडे सरकायचं असतं. पुलावर चढला की नाका खालीच राहतो. म्हणजे इथला निर्णय चौकाच्या बराच अलीकडे घ्यावा लागतो, आणि तो ‘कुठला रस्ता’ हा नसून ‘कुठली लेन’ हा असतो.

नकाशा हे कसं नोंदवतो? स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ही रचना कुणालाही उघडून बघता येते. मधे दुभाजक असेल तर एका रस्त्याच्या दोन रेघा काढायच्या, प्रत्येक रेघ एकदिशा. नुसते रंगाचे पट्टे असतील तर रेघ एकच ठेवायची आणि लेनची संख्या तिच्या माहितीत लिहायची. चौकाजवळ रेघेचा तुकडा पाडून प्रत्येक लेनचा बाण डावीकडून उजवीकडे क्रमाने नोंदवायचा: डावीकडे, सरळ, सरळ, उजवीकडे. पूल कुठल्या थरावर आहे ते वेगळं नोंदवायचं. कागदावर पूल आणि खालचा रस्ता एकमेकांना छेदताना दिसले, तरी सामाईक बिंदू नसेल तर तिथे वळता येत नाही, हे यंत्राला त्यावरूनच कळतं.

वळणबंदीची नोंद तीन भागांची असते: कुठल्या रस्त्यावरून, कुठल्या बिंदूतून, कुठल्या रस्त्यावर. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची पद्धत बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांवर चालते. पण ‘मुलुंडकडून आलात तर उजवीकडे वळू नका, समोरून आलात तर चालेल’ हा नियम एका बिंदूवर लिहिता येत नाही. गाडी कुठून आली हे त्या बिंदूला ठाऊक नसतं. म्हणून आजच्या अनेक मार्गशोधक प्रणाली रस्त्याच्या तुकड्यालाच बिंदू मानतात आणि वळणाला रेघ.

फोनला हे सगळं आपोआप दिसेल, अशी समजूत असते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत बहुपदरी रस्त्याची एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद. मोकळ्या आकाशाखालीही सामान्य फोनचं स्थान पाचेक मीटरनी चुकू शकतं आणि उंचीचा अंदाज त्याहून कच्चा. तेव्हा आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे फोनला खात्रीने सांगता येत नाही. गुगलने २०२४ साली भारतातल्या ४० शहरांसाठी उड्डाणपुलाची आगाऊ सूचना आणली. मॅपल्स हे नकाशाचं अ‍ॅप मोठ्या चौकाचं चित्र दाखवतं. दोन्हींचा आधार कुणीतरी आधी नोंदवून ठेवलेली माहिती हाच.

आणि ती माहिती ठाण्यात टिकत नाही. वडाळा-कासारवडवली मेट्रोच्या कामात पत्रे लागले की लेन कमी होतात. घोडबंदर रस्त्यावर सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात सामावण्याचं काम निघालं; दुभाजक गेला की नकाशावरची स्वतंत्र रेघ पुसायची आणि मुख्य रेघेवर लेन वाढवायच्या. पट्टे तर पावसाळ्यात पुसले जातात, आणि तीन लेनमधून वाहनांच्या पाच रांगा जातात. नकाशाने मात्र आखलेल्या तीनच नोंदवाव्यात. गर्दीची शिस्त हा त्याचा विषय नाही. जिथे आखणीच नाही, तिथे रस्त्याच्या रुंदीवरून अंदाज करण्यापलीकडे इलाज नसतो.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीविना नकाशे करण्याची मोकळीक दिली. मोजणी सोपी झाली, पण मोजणीतून वळणाचा नियम कळत नाही. तो वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेत असतो. ‘प्रवेश बंद’, ‘पर्यायी मार्ग’, तारखा, वेळा: गणेश विसर्जन असो की मेट्रोचा गर्डर, मसुद्याची घडण ठरलेली. कुठून, कुठे, कधीपासून कधीपर्यंत. वळणबंदीच्या नोंदीला हवं ते जवळपास सगळं त्यात आहे. फक्त ते वाचण्यासाठी लिहिलेलं असतं, यंत्राला देण्यासाठी नाही. मग तो कागद वर्तमानपत्रात येतो, मोबाइलवर फिरतो, आणि एखादा हौशी नकाशाकार लक्षात आलं तर बदल करतो. मुदत संपल्यावर बंदी काढायला कुणी येईलच असं नाही.

पोलिसांनी आणि महापालिकेने हाच आदेश ठरावीक साच्यात, चौकाच्या क्रमांकासह, त्याच दिवशी सर्वांसाठी खुला केला, तर कुठल्याही कंपनीचा नकाशा तो तासाभरात उचलू शकेल. त्यासाठी नवा उपग्रह लागत नाही. वागळेत रस्त्यांना क्रमांक देण्याची रीत रुळलेलीच आहे. आता क्रमांक द्यायचे आहेत ते चौकातल्या वळणांना.