पदवी झाली, आता माल दाखवा!

आमच्या भाच्याने परदेशात क्वांटिटेटिव्ह फायनान्समध्ये मास्टर्स केले. फीसाठी आमच्या बहनोईंनी भिवंडीतले आठ लूम विकले. मुलगा परतला आणि सहा महिने घरी बसला. अर्ज शंभरावर गेले, उत्तरे दोन-तीनच आली. एके दिवशी तो पेढीवर येऊन म्हणाला, "मामू, गल्ल्यावर बसू का?" आमच्या काळजाला चटका बसला.

हे शास्त्र म्हणजे गणित व संगणकाच्या जोरावर भावाचा आणि जोखमीचा हिसाब. आपल्या धंद्याला ते परके नाही. मुंबईत कॉटन ट्रेड असोसिएशन १८७५ साली स्थापन झाली, तेव्हा कापसाचे संघटित वायदे सुरू झाले. १९७३ मध्ये ब्लॅक व शोल्स यांनी ऑप्शनचा वाजवी भाव काढण्याचे सूत्र छापले. १९९७ मध्ये शोल्स आणि मर्टन यांना नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी, हे दोघे भागीदार असलेला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड बुडाला! तेव्हा सूत्र पाठ असणे पुरेसे नाही. ते कुठे फसते हे ज्याला कळते, त्याची किंमत होते.

आम्ही भाच्याचा अर्ज पाहिला. नुसती विषयांची यादी! तशी यादी प्रत्येकाजवळ असते. एकाच बाजारात दहा दुकानांत तेच पॉपलीन असते; गिऱ्हाईक थांबते ते मालाचा पोत हाताला लागतो तिथे. आम्ही म्हटले, "बेटा, स्वतः विणलेला एक तागा दाखव."

त्याने कापसाच्या वायद्यांचे जुने भाव घेतले व खरेदी-विक्रीचा नियम बसवला. कागदावर नफा दिसला. मग दलाली, कर आणि सौदा होईपर्यंत सरकणारा भाव वजा केला, तर नफा उडाला. शिवाय ज्या भावांवरून नियम बेतला, त्यांवरच तो तपासला होता. बाजूला ठेवलेल्या भावांवर तो टिकला नाही. त्याने हे सगळे न लपवता लिहिले. पुढच्या मुलाखतीत अर्धा तास त्यावरच बोलणे झाले.

दुसरी गोष्ट, सगळी मुले सौदे करणाऱ्या टेबलाकडे धावतात. २००८ च्या मंदीनंतर बँकांत मॉडेल तपासण्याचे काम वाढले. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २०११ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या. परदेशी बँकांच्या मुंबई-बंगळुरूच्या कचेऱ्यांत हे काम चालते. त्यासाठी पायथन व एसक्यूएल हातात बसलेले हवे, संभाव्यतेचे गणित तोंडी सुटायला हवे, आणि आपले काम आमच्यासारख्या कापडवाल्याला समजेल असे सांगता यायला हवे.

भाचा आज मुंबईत एका बँकेत मॉडेल तपासतो. पगार मनासारखा नाही, लूमही परत आलेले नाहीत. पण बहनोई आता रात्री झोपतात. ज्या बांधवांची मुले या वाटेवर आहेत, त्यांनी निकालाची वाट पाहू नये. फी भरतानाच विचारावे: बेटा, तुझा स्वतःचा तागा कुठे आहे?