निवाडा कोणी करायचा? हडपसरची लढाई आणि मराठी दौलतींतील चुरस

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्याला मराठी राज्य म्हणत, ते प्रत्यक्षात अनेक दौलतींचे मिळून बनलेले होते. उज्जैनला शिंदे, इंदूरला होळकर, बडोद्याला गायकवाड, नागपूरला भोसले, आणि या सर्वांचे वरिष्ठ म्हणून पुण्यात पेशवे, ज्यांना स्वतःची पेशवाईची वस्त्रे मात्र साताऱ्याच्या छत्रपतींकडून घ्यावी लागत. फौज बाळगण्यासाठी सरदाराला जो मुलूख तोडून दिला जाई, त्याला सरंजाम म्हणत. हा सरंजाम पिढ्यानपिढ्या एकाच घराण्यात राहिला आणि त्याच्या उत्पन्नावर स्वतंत्र फौज, स्वतंत्र वकील व स्वतंत्र राजकारण उभे राहिले, तेव्हा सरदार नावाने चाकर आणि व्यवहाराने राजा झाला.

अशा रचनेची सर्वांत परिचित उपमा प्राचीन ग्रीसची आहे. तेथील नगरराज्ये, म्हणजे एक शहर व त्याभोवतीचा मुलूख एवढीच व्याप्ती असलेली स्वतंत्र राज्ये, इ.स.पू. ४८०-४७९ मध्ये इराणी आक्रमणाविरुद्ध एकत्र लढली; पण पुढे अथेन्सने समुद्रकाठच्या राज्यांची एक फळी उभारली, स्पार्टाने आपली दुसरी राखली, आणि इ.स.पू. ४३१ ते ४०४ या काळातील पेलोपोनीशियन युद्धात दोन्ही फळ्यांनी परस्परांची शक्ती खर्ची घातली. त्या युद्धाच्या शेवटी स्पार्टाचे आरमार इराणी पैशावर उभे राहिले, आणि इ.स.पू. ३८७-३८६ मध्ये ग्रीकांच्या आपसांतील तहाच्या अटी इराणच्या बादशहाने ठरवून दिल्या. भाऊबंदांना आपसांतला तंटा मिटवता येत नसला, की निवाड्याचा अधिकार बाहेरच्याच्या हाती जातो. पुण्याच्या इतिहासात ही गोष्ट अवघ्या सात-आठ वर्षांत घडली.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत शिंदे, होळकर, भोसले यांच्या फौजा पेशव्यांच्या झेंड्याखाली निजामाविरुद्ध उतरल्या. त्यांच्यात मनोमीलन झाले होते असे नाही. दोनच वर्षांपूर्वी, १७९३ मध्ये, लाखेरीला शिंदे आणि होळकर एकमेकांशी लढले होते. तरीही ते एकत्र आले, याचे श्रेय कारभारी नाना फडणवीस यांच्या मुत्सद्देगिरीला द्यावे लागते. ऑक्टोबर १७९५ मध्ये पेशवे सवाई माधवराव वारले आणि त्यांच्यामागे गादी कोणाला, या प्रश्नावर ही जुळणी विस्कटली. डिसेंबर १७९६ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे झाले खरे, पण तोवर पुण्यात खरा जोर होता तो दौलतराव शिंदे यांच्या छावणीचा.

महादजी शिंदे फेब्रुवारी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले, त्यानंतर विशीही न गाठलेले दौलतराव त्यांच्या दौलतीचे धनी झाले. महादजींनी द बॉइन्य या युरोपीय सेनानीकडून तयार करवून घेतलेली कवायती पायदळाची पलटणे, ज्यांना मराठीत कंपू म्हणत, आता थेट राजधानीच्या राजकारणात वापरली जाऊ लागली. सप्टेंबर १७९७ मध्ये होळकरांच्या वारसाहक्काच्या वादात शिंद्यांनी काशीराव होळकर यांची बाजू घेतली, आणि शिंद्यांच्या फौजेने पुण्यातच होळकरांच्या तळावर छापा घालून काशीरावांचे भाऊ मल्हारराव होळकर यांना ठार केले. त्याच वर्षअखेर नाना फडणवीसांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. सुटकेनंतर ते पुन्हा कारभारावर आले, पण मार्च १८०० मध्ये वारले. सर्व दौलतींच्या वकिलांशी पत्रव्यवहार राखून कोणाचेही पारडे फार जड होऊ न देणारा माणूस त्यांच्याबरोबर नाहीसा झाला.

मल्हाररावांचे बंधू यशवंतराव होळकर छाप्यातून निसटले आणि काही वर्षांत त्यांनी स्वतःची फौज उभी केली. दुसरे बंधू विठोजी पेशव्यांच्या मुलखात बंडाळी करताना पकडले गेले, आणि एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावांच्या हुकमावरून पुण्यात त्यांना हत्तीच्या पायी देण्यात आले. ही शिक्षा क्रूर होतीच, पण राजकारण म्हणूनही ती घातक ठरली. कारण होळकर आणि शिंदे यांच्या तंट्यात ज्याने तटस्थ राहून न्याय द्यायचा, तो पेशवा तिच्यामुळे उघडपणे एका पक्षाचा झाला. १८०१ मध्येच होळकरांनी उज्जैनवर विजय मिळवला, शिंद्यांनी इंदूर लुटले, आणि पुढल्या वर्षी यशवंतराव दक्षिणेत उतरले. त्यांच्या मागण्यांत मल्हाररावांचा शिंद्यांच्या कैदेत असलेला लहानगा मुलगा खंडेराव याची सुटका आणि होळकरांच्या मुलखाची परतफेड या प्रमुख होत्या. पेशव्यांना दूर सारून नवी सत्ता स्थापण्याची भाषा त्यांत नव्हती. वरिष्ठाने वरिष्ठासारखे वागावे, असा तो तगादा होता.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसर-वानवडीच्या माळावर शिंदे-पेशव्यांच्या आणि होळकरांच्या फौजा भिडल्या. आधी तोफांचा मारा झाला, नंतर होळकरांचे घोडदळ माघारी येऊ लागले, तेव्हा यशवंतराव स्वतः पुढे झाले, पळत्या स्वारांना वळवून त्यांनी चढाई केली आणि दिवसाचा निकाल फिरवला. शिंद्यांच्या पलटणींचा अधिकारी डॉज मारला गेला. दोन्ही बाजूंचे पायदळ युरोपीय पद्धतीने शिकवलेले, दोन्ही बाजूंना युरोपीय अधिकारी, आणि लढाईची जागा महादजींनी जिथे देह ठेवला त्याच वानवडीच्या परिसरात. आज तिथे शिंद्यांची छत्री उभी आहे. परकी कवायत मराठी राज्याच्या रक्षणासाठी आणली गेली होती. तिचा एवढा मोठा प्रयोग राज्याच्या राजधानीबाहेर आपल्याच माणसांवर व्हावा, हे दुःख आजही कमी होत नाही.

बाजीराव सिंहगडाकडे आणि तेथून कोकणात गेले. यशवंतरावांनी त्यांना परत बोलावण्याची खटपट केली, पण विठोजींचा अंत घडवणाऱ्याला त्यांच्या भावाच्या शब्दावर विश्वास ठेवणे शक्य नव्हते. बाजीरावांचे दत्तक बंधू अमृतराव यांच्या मदतीने पुण्यात नवा कारभार उभारण्याचा प्रयत्न झाला, पुढे शहरातून पैशाची सक्तीने वसुलीही झाली, पण इतर दौलतींची मान्यता त्या कारभाराला मिळाली नाही.

३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी इंग्रजांशी वसईचा तह केला. त्यातील तैनाती फौजेचे कलम, म्हणजे किमान ६,००० इंग्रजी पायदळ आपल्या मुलखात ठेवायचे आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, हे नेहमी सांगितले जाते. त्याहून खोल जखम करणारे कलम वेगळे होते: निजाम आणि गायकवाड यांच्याकडील पेशव्यांच्या येणे रकमांबाबतचा निवाडा यापुढे इंग्रज करणार होते. गायकवाड हे मराठी राज्याचेच सरदार. त्यांच्याशी असलेला घरचा हिशेबसुद्धा आता परक्या पंचापुढे जाणार होता.

एप्रिल १८०३ मध्ये इंग्रज सेनापती ऑर्थर वेलस्ली पुण्यास पोहोचले, तोवर होळकर उत्तरेकडे वळले होते, आणि मे महिन्यात बाजीराव इंग्रजी बंदोबस्तात परतले. आपल्याला न विचारता झालेला हा तह शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना मानवला नाही. ते लढले, सप्टेंबरात असईला व नोव्हेंबरात अडगावला हरले, आणि डिसेंबर १८०३ मध्ये दोघांनीही वेगवेगळे तह केले. या संपूर्ण युद्धात होळकर बाजूला उभे होते. १८०४ मध्ये त्यांनी शस्त्र उचलले, तेव्हा शिंदे तहाने बांधले गेले होते. होळकरांनी इंग्रज सेनानी मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली, भरतपूरच्या जाटांबरोबर लढा दिला आणि अखेर पंजाबपर्यंत माघार घेतली. होळकरांच्या मुलखाचा जो न्याय मागायला यशवंतराव पुण्याच्या वेशीवर आले होते, तो डिसेंबर १८०५ मध्ये बियास नदीच्या काठी राजघाटच्या तहात, इंग्रजांच्या सहीने, त्यांच्या पदरी पडला.