घंटेतला कोमल गंधार

जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलचा दक्षिण मनोरा चढायला ५३३ पायऱ्या आहेत. १२४८ मध्ये सुरू झालेलं हे गॉथिक बांधकाम १८८० मध्ये पूर्ण झालं. बहुतेक प्रवासी वरून ऱ्हाईन नदी पाहण्यासाठी चढतात. पण खरा ऐवज वाटेतल्या घंटाघरात आहे. तिथे १९२३ मध्ये ओतलेली सेंट पीटर घंटा टांगलेली आहे. वजन सुमारे २४ टन, तोंडाचा व्यास ३.२२ मीटर. तिच्याआधीची मोठी घंटा १८७० च्या युद्धात जिंकलेल्या फ्रेंच तोफा वितळवून घडवली होती. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, तीही वितळवली गेली.

घंटेचं कांसं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. एवढ्या कथिलामुळे धातू ठिसूळ होतो, पण कंपन दीर्घकाळ टिकतं.

तंबोऱ्याच्या तारेचे उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सरळ चढत जातात आणि पाचव्या पटीतून शुद्ध गंधार उमटतो. घंटेची गोष्ट वेगळी. काठाची जाडी आणि अंगाचा बाक यांवर तिचे सूर ठरतात. सुरेल युरोपीय घंटेत मंद्र षड्ज, मध्य षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि तार षड्ज एकत्र वाजतात. तिच्या नादातली हुरहुर त्या कोमल गंधाराची. घंटा आतून खरवडून हे सूर अचूक जुळवण्याची विद्या सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या हेमोनी बंधूंनी सिद्ध केली.

सगळ्यात नवलाची गोष्ट पुढेच आहे. टोल पडताच आपण घंटेचा म्हणून जो सूर धरतो, तो आपला मेंदू रचतो. तार षड्ज आणि त्याच्याही वरचे दोन उपस्वर यांच्या कंपनसंख्या साधारण २:३:४ या प्रमाणात असतात. त्यावरून मेंदू त्यांचा समान पाया काढतो आणि तोच आपल्याला ऐकू येतो. घंटेचा मध्य षड्ज थोडा उतरलेला असला, तरी हा सूर ढळत नाही.

हे अनुभवायला कोलोनच गाठायला हवं असं नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यांतल्याच. अशी घंटा वाजताना ऐकायला मिळाली, तर लगेच पाय काढू नका. नाद पूर्ण विरेपर्यंत थांबा आणि त्यातले किती सूर वेगळे ओळखता येतात, ते पाहा.