फझ : एका बिघाडाच्या हुबेहूब नकला
लेखमाला ‘तार, वीज आणि आवाज’ : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण डेव्ह डेव्हिसच्या फाडलेल्या स्पीकरपाशी थांबलो होतो. १९६४ साली लंडनच्या या पोराने आपल्या छोट्या अँपच्या स्पीकरवर ब्लेड चालवले आणि ‘यू रियली गॉट मी’ला तो चिरफाळलेला आवाज मिळाला. उपाय नामी होता, पण स्पीकर पुढच्या गाण्यासाठी परत शिवता येत नाही. हवा तेव्हा खरखरीत, हवा तेव्हा स्वच्छ, असा आवाज पायाखालच्या एका बटणावर मिळण्याची सोय तोवर अमेरिकेत दुकानांतून येऊन पडलीही होती. तिला कोणी विचारत नव्हते, एवढेच.

ही सोय म्हणजे फझ पेडल. जन्म नॅशव्हिलचा, आणि तोही बिघाडातून. क्वॉन्सेट हट स्टुडिओत मार्टी रॉबिन्सचे ‘डोन्ट वरी’ मुद्रित होत होते. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता. कन्सोलच्या ज्या चॅनेलमधून त्याचा आवाज जात होता, त्यातला ट्रान्सफॉर्मर नेमका तेव्हाच बसला. गाणे संथ, हळवे. आणि मध्येच बासचा तुकडा असा फुटतो, की ऐकणाऱ्याने रेडिओ दुरुस्तीला टाकावा. तो ठेवावा की काढावा यावर बराच खल झाला, अखेर ठेवला. १९६१ मध्ये गाणे कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि लोक तोच आवाज मागत स्टुडिओत यायला लागले. तोवर ते चॅनेल पुरते मेले होते! मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्स या अभियंत्याला हाताशी धरून तो बिघाड ट्रान्झिस्टरवर मुद्दाम घडवून आणला. गिब्सन कंपनीने ते सर्किट घेतले आणि १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन एफझेड-१’ नावाची पाचरीच्या आकाराची तपकिरी पेटी बाजारात आणली. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टचे दोन सेल.

जाहिरातीत मात्र खरखरीचा उल्लेख जपूनच होता. तुमच्या गिटारीतून ट्रंपेट, ट्युबा, सेलो ऐकू येईल, असे आश्वासन होते. दुकानदारांनी पहिल्या वर्षी हौसेने माल उचलला आणि तो फळीवर पडून राहिला. गिटारवाल्याला सेलो कशाला हवा असेल?

मे १९६५ मध्ये हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ची ती प्रसिद्ध ओळ माएस्ट्रोवर वाजवली. गंमत अशी, की जाहिरातीवर विश्वास ठेवल्यासारखाच तो वागला. त्याच्या मनात ती ओळ पितळी वाद्यांची होती. फझवर वाजवलेली फक्त खूण, पुढे बदलायची. ती बदलली गेलीच नाही आणि रेकॉर्ड तशीच निघाली. (त्याच वर्षी ओटिस रेडिंगने हे गाणे पितळी वाद्ये घेऊन गायले, म्हणजे रिचर्ड्सची मूळ कल्पना दुसऱ्याच्या रेकॉर्डवर ऐकायला मिळते.) वर्ष संपेपर्यंत माएस्ट्रोचा पडून असलेला माल संपला.

इंग्लंडमध्ये माएस्ट्रो आयात करणे महाग होते, आणि मिळाला तरी त्याचा सूर लवकर विझतो अशी वादकांची तक्रार होती. लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवरच्या दुकानांशी संबंध असलेल्या गॅरी हर्स्ट यांनी १९६५ मध्ये तेच सर्किट घेतले, तीन व्होल्टच्या जागी नऊ व्होल्ट दिले, भागांच्या किमती बदलल्या आणि ‘टोन बेंडर’ तयार केला. वर्षभरात त्याची दोन ट्रान्झिस्टरवाली सुटसुटीत आवृत्ती आली. १९६६ मध्येच आयव्हर आर्बिटर यांच्या कंपनीने जवळजवळ हेच दोन ट्रान्झिस्टरवाले सर्किट एका गोल डबीत घातले. माइकच्या स्टँडचा गोल पाया पाहून ती डबी सुचली म्हणतात. दोन नॉब म्हणजे डोळे, खाली पायाला घसरू नये म्हणून रबरी तोंड. नाव ‘फझ फेस’. जिमी हेंड्रिक्सने तो पायाखाली घेतला आणि पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे.

हा वंशवेल सांगण्याचे कारण एवढेच, की आज ‘अस्सल व्हिंटेज’ म्हणून पुजले जाणारे पेडलही आपल्या काळात नकलाच होते. आजच्या नकलाकारांना नाक मुरडताना हे ध्यानात असलेले बरे.

आता आतले काम. गिटारीच्या तारेतून येणारी विजेची लहर गोलसर असते. ट्रान्झिस्टर ती फुगवतो, पण त्याच्या झेपेला सेलच्या व्होल्टची मर्यादा आहे. लहर त्या मर्यादेपलीकडे ढकलली की तिचा माथा आणि तळ सपाट कापला जातो. कापलेल्या लहरीत मूळ स्वराच्या पटीतले कितीतरी वरचे स्वरांश जन्माला येतात. खरखर म्हणतो ती हीच. तार मंदावत गेली तरी फुगवलेली लहर बराच वेळ मर्यादेबाहेरच राहते, म्हणून सूर लांबतो. दोन स्वर एकदम वाजवले तर मात्र त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही आवाजात मिसळतात. सा-प निभावते, सा-ग कुरकुरते आणि चार स्वरांच्या कॉर्डचा चिखल होतो. ‘सॅटिस्फॅक्शन’ची ओळ एकेका स्वराची आहे हा योगायोग नाही.

या आवाजाला आपल्याकडचे कान तसे परके नसावेत. यार्डबर्ड्सच्या ‘हार्ट फुल ऑफ सोल’ (१९६५) या गाण्यासाठी आधी स्टुडिओत सतारवादक बोलावला होता. ते जमेना, तेव्हा जेफ बेकने तीच ओळ फझ लावलेल्या गिटारीवर वाजवली आणि रेकॉर्डवर तीच राहिली. सतारीची तार घोडीवर एका बिंदूवर टेकत नाही, रुंद पृष्ठभागाला घासत राहते आणि त्यातून वरचे स्वरांश फुलतात. मिरजेचा कारागीर कानस घेऊन बसतो तो याच जवारीसाठी. फझमध्ये घासण्याऐवजी कापणे आहे. रीत वेगळी, पण निव्वळ स्वच्छ सुराला थोडी धार हवी, ही भूक एकच.

फझ फेस उघडला तर पहिल्यांदा फसवणूक झाल्यासारखे वाटते. एवढ्या मोठ्या डबीत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब. अकरा भाग संपले! रेझिस्टर-कपॅसिटर आज कुठल्याही दुकानात काही रुपयांना मिळतात. मग नक्कल अवघड कशाला असावी?

अडते ते ट्रान्झिस्टरवर. त्या काळचे ट्रान्झिस्टर, एसी १२८ किंवा एनकेटी २७५, जर्मेनियमचे. जर्मेनियम सिलिकॉनपेक्षा लवकर जागा होतो, दोन-तीन दशांश व्होल्टमध्येच, आणि त्याचे कापणे कानाला मऊ लागते. पण तो गळका असतो. बंद असायला हवा तेव्हाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ही गळती साधारण दुप्पट होते. शिवाय एकाच खोक्यातले दोन एसी १२८ घेतले तर एकाचा गेन (लहर फुगवण्याची पट) साठ आणि दुसऱ्याचा एकशेवीस असू शकतो. हे ट्रान्झिस्टर रेडिओसाठी बनत. तिथे एवढा फरक खपून जाई. फझ फेसमध्ये तो खपत नाही. पहिल्याचा गेन सत्तर-ऐंशीच्या आसपास, दुसऱ्याचा त्याहून जास्त, आणि दुसऱ्याच्या कलेक्टर या टोकावर सेलच्या निम्मे म्हणजे साडेचार व्होल्ट, असे जुळले की डबी गाते. कारखान्यात असे जुळवायला कोणी बसत नव्हते. हाताला लागला तो ट्रान्झिस्टर जोडला आणि झाकण लावले. त्यामुळे एक फझ फेस स्वर्गीय, शेजारचा नुसता पादरा.

हेंड्रिक्सला हे ठाऊक होते. त्याच्यासाठी रॉजर मेयर हा तंत्रज्ञ फझ फेस तपासून त्यांतले चांगले निवडून काढी आणि आतले भागही बदली. मेयर त्याआधी ब्रिटिश नौदल खात्यात कंपनांच्या मोजमापाचे काम करत असे. म्हणजे रेकॉर्डवर आपण ऐकतो तो फझ फेस दुकानातल्या फझ फेससारखा नव्हताच.

तेव्हा ‘हुबेहूब १९६६चा फझ फेस’ असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न : त्यातला कोणता? जुन्या वस्तूची नक्कल करणारा आज सर्किटच्या नकाशाची नक्कल करत नाही. तो एका विशिष्ट, नशिबाने जुळून आलेल्या डबीची करतो. आणि नशिबाची जागा त्याला चाळणीने भरून काढावी लागते. जुना साठा मिळवायचा, एकेक ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये खोचायचा, आधी गळती मोजायची, मग गेन. साध्या मीटरवर गळतीही गेनमध्येच धरली जाते आणि भिकार ट्रान्झिस्टर जोरदार भासतो, म्हणून गळती वजा करायची. चिमटीत धरला की बोटांच्या उबेने आकडा चढतो. तो खाली येईपर्यंत गप्प बसायचे. खोकेभर मालातून कामाचे थोडेच निघतात. अमेरिकेत ‘अॅनालॉग मॅन’चा सन फेस किंवा इंग्लंडमध्ये ‘डी.ए.एम.’चे पेडल महाग का, आणि त्यांच्यासाठी वाट का पाहावी लागते, याचे उत्तर या कंटाळवाण्या कामात आहे. बाजारात जुन्या नावाचे नवे छापलेले ट्रान्झिस्टरही फिरतात. अंगावरच्या आकड्याला फार भुलू नये.

आपल्याकडे हा माल अगदीच अनोळखी नाही. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकात जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला घेतले होते, आणि जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या डब्यांत एसी १२७-१२८ ची जोडी असे. आजोबांच्या माळ्यावरचा बंद रेडिओ टाकून देण्याआधी आत डोकावायला हरकत नाही. मात्र आपल्या उन्हाळ्याचे काय? थंड लंडनमध्ये जुळवलेला जर्मेनियम फझ मे महिन्यात पुण्याच्या उघड्या मांडवात लावला, तर गळती वाढून साडेचार व्होल्टचा तोल ढळतो आणि सूर मध्येच तुटक, घशात अडकल्यासारखा निघतो. साठचे दशक सरता सरता कंपन्या सिलिकॉनकडे वळल्या, बीसी १०८ वगैरे, त्यामागे हेही एक कारण. सिलिकॉन उन्हात टिकतो, गेन भरपूर देतो. आवाज जास्त धारदार, आणि कधी कधी जवळचे रेडिओ केंद्रही पकडतो. न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांचा ‘बिग मफ’ याच वळणावरचा : चार सिलिकॉन ट्रान्झिस्टर, लांबच लांब सूर. त्याच्या पिढ्या इतक्या आहेत की त्यावर वेगळा लेखांक लिहावा लागेल.

मोठ्या कंपन्यांनीही नकला काढल्या. डनलॉपने २०१३ मध्ये फझ फेस लहान डबीत आणला, गिब्सनने २०२२ मध्ये माएस्ट्रो हे नाव पुन्हा जागवले. मला सर्वांत प्रामाणिक वाटला तो बॉसने २०२१ मध्ये टोन बेंडर बाजारात आणणाऱ्या सोला साउंड कंपनीबरोबर काढलेला टीबी-२डब्ल्यू. जर्मेनियमचा साठाच तुटपुंजा, म्हणून फक्त तीन हजार नग. त्याला सात, नऊ, बारा व्होल्ट निवडायचे बटण. सात कशाला? अर्धवट उतरलेल्या सेलवर जुने फझ मऊ वाजतात, ही वादकांची जुनी जाण कंपनीने बटणात बसवली. अल्कलाइनऐवजी साधा स्वस्त कार्बन-झिंक सेल वापरा, असे फझवाले सांगतात त्यातही तथ्य आहे. त्याचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे ओढ पडली की व्होल्ट किंचित खाली येतात. सेलच्या कंपन्यांचे आवाज ओळखण्यापर्यंत काही जण जातात. तिथे मी त्यांच्याबरोबर जात नाही.

नक्कल चांगली की वाईट हे ओळखायचे तर आवाज पूर्ण चढवून ऐकू नका. सगळेच फझ तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे वाजतात. गिटार थेट फझमध्ये लावा, फझचा नॉब जवळजवळ पूर्ण उघडा आणि गिटारीवरचा व्हॉल्यूम दहावरून सातवर, मग पाचवर आणा. चांगल्या फझ फेसमध्ये खरखर विरत जाऊन खाली एक काचेसारखा, किंचित धार असलेला स्वच्छ सूर उरतो. वाईटात नुसता आवाज कमी होतो. याचे कारण सर्किटच्या दाराशी आहे : फझ फेसचा इनपुट रोध फार कमी, त्यामुळे गिटारीचे पिकअप, तिचा नॉब आणि पहिला ट्रान्झिस्टर हे मिळून एकच सर्किट होतात. मध्ये बफर (पुढचे-मागचे सर्किट एकमेकांपासून तोडणारा टप्पा) असलेले दुसरे पेडल आले की हे नाते तुटते. संगणकावरचे फझ बहुधा इथेच उघडे पडतात. लहर कापण्याचे गणित त्यांना छान जमते, पण गिटार आणि त्यांच्यामध्ये साउंड कार्डाची भिंत असते. पिकअपवरचा तो भार त्यांना जाणवतच नाही.

मूळ टोन बेंडर मार्क वनला आज हजारो डॉलर पडतात. ते संग्राहकांनी जरूर द्यावेत. वाजवायचे असेल तर बाहेर बायसचा नॉब असलेला नवा फझ घ्यावा असे माझे मत. उकाडा वाढला की तो जरासा फिरवून साडेचार व्होल्ट परत गाठता येतात, आणि ही सोय हेंड्रिक्सच्या गोल डबीवरही नव्हती. एक खबरदारी : पीएनपी ट्रान्झिस्टरचे जुन्या पद्धतीचे फझ धन टोक जमिनीला जोडतात. त्यांना बाकीच्या पेडलांच्या एकाच अडॅप्टरवर टांगू नका, वेगळा सेल द्या.

आणि फझच्या आधी वाह पेडल जोडलात तर तो शिट्टी मारत किंचाळेल. बिघाड समजून दुकानात नेऊ नका. तो कमी इनपुट रोध वाहच्या शेवटच्या टप्प्याला कसा खातो, ते पुढच्या आठवड्यात वाहचे पोट उघडून पाहू.