डिस्कसचं पाणी आणि त्यातली बाग

डिस्कस माशांची पैदास करणाऱ्याच्या जागेत गेलं तर तिथे सहसा एकही रोप दिसत नाही. ओळीने मांडलेल्या काचेच्या टाक्या, तळाला वाळूचा कण नाही, कोपऱ्यात स्पंज फिल्टर आणि जोडीला अंडी घालता यावीत म्हणून उभा ठेवलेला मातीचा कोन. त्याच माशाचे मासिकांत आणि दिनदर्शिकांवर छापले जाणारे फोटो मात्र हिरव्यागार पाणवनस्पतींमधून संथ फिरणाऱ्या थव्याचे असतात. नव्या हौशी माणसाला भुरळ पडते ती या फोटोंची. दुकानदार मग त्याला बजावतो, की डिस्कस आणि झाडं एका टाकीत टिकत नाहीत. फोटो खोटे नसतात आणि दुकानदाराचा अनुभवही खोटा नसतो. या दोघांत जो फरक पडतो, तो मुख्यतः पाण्याच्या तापमानामुळे.

डिस्कस हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. ऑस्ट्रियाच्या योहान नाटरर या संशोधकाने ब्राझीलमधून युरोपात नेलेल्या नमुन्यांवरून याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. सिम्फिसोडॉन हे त्याच्या प्रजातीचं नाव. हेकेल यांचं नाव लागलेला डिस्कस आजही रिओ निग्रो नदीच्या भागात सापडतो. तिथलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, कारण जंगलातल्या कुजणाऱ्या पालापाचोळ्यातलं टॅनिन त्यात उतरतं. क्षार नावापुरते, पीएच ४ ते ५ च्या घरात आणि तापमान २८ अंशांच्या वर. मनौस शहराजवळ या नदीची पातळी वर्षाकाठी साधारण १० मीटरने चढते-उतरते. पूर आला की जंगलच पाण्याखाली जातं आणि पाणी ओसरलं की डिस्कसचे थवे काठच्या पडलेल्या झाडांच्या फांद्यांत दडून राहतात. ताटलीसारखं चपटं, उभं शरीर अशा फांद्यांच्या फटींतून सहज सरकतं.

या गडद पाण्यात तळापर्यंत ऊन पोचत नाही, त्यामुळे तळात रुजलेली हिरवळ तिथे जवळपास नसतेच. म्हणजे हिरव्या बागेतला डिस्कस ही माणसाने जुळवलेली रचना आहे. म्हणून ती वाईट ठरत नाही. या माशाला आडोसा लागतो, तो फांदीचा असो की रुंद पानांचा. शिवाय वाढती रोपं पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेतात, आणि त्याचा माशांना फायदाच होतो. फक्त या टाकीत कुणाच्या गरजेनुसार पाणी ठेवायचं, हे आधीच ठरवावं लागतं. ते माशाच्याच गरजेनुसार ठेवलं पाहिजे. बहुतेक अपयशी टाक्यांमध्ये हा क्रम उलटा झालेला असतो.

आज दुकानात मिळणारा निळा, लाल किंवा ठिपक्यांचा डिस्कस नदीतून आलेला नसतो. जर्मनी, अमेरिका, थायलंड, मलेशियातलं पेनांग अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या निवड करून हे रंग घडवले गेले. अशा माशांना ६ ते ७ पीएचचं साधं, स्वच्छ पाणी चांगलं मानवतं. ऊब मात्र त्यांना पूर्वजांइतकीच लागते. २८ ते ३० अंशांत ते नीट खातात आणि खाल्लेलं पचवतात. पाणी २६ च्या खाली राहिलं की भूक मंदावते, अंग काळवंडतं आणि आजारांना वाट मिळते.

झाडांचं गणित वेगळं. पाणवनस्पती सजावटीला आज जगभर जी प्रतिष्ठा आहे, तिचं मोठं श्रेय जपानच्या निगाता प्रांतातल्या ताकाशी अमानो यांना जातं. छायाचित्रकार असलेल्या अमानोंनी १९८२ मध्ये आपली कंपनी काढली आणि काचेच्या पेटीत डोंगर, कुरणं, जंगलं उभी करायची एक शैलीच रुजवली. २०१५ मध्ये, निधनाच्या काही महिने आधी, त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीचं, १ लाख ६० हजार लिटर पाण्याचं पाण्याखालचं जंगल उभारलं. पण या शैलीतल्या तळाशी पसरणाऱ्या हिरवळीला आणि नाजूक लाल रोपांना २३ ते २५ अंशांचं पाणी, प्रखर प्रकाश आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड लागतो. तीच झाडं ३० अंशांत लावली तर देठ लांबट होतात, खालची पानं गळतात आणि महिन्या-दोन महिन्यांत अर्धी बाग कुजून फिल्टरमध्ये जाते. कुजलेल्या पानांचा त्रास मग डिस्कसला होतो.

म्हणून रोपं निवडक हवीत. डिस्कसच्याच खंडातली ॲमेझॉन सोर्ड ही इथली मुख्य वनस्पती. ती मुळांतून खाते, त्यामुळे तिच्या बुडाशी दर दोन-तीन महिन्यांनी खताची गोळी खोचावी लागते. आफ्रिकेतली अनुबियस आणि आशियातलं जावा फर्न ही दोन्ही लाकडाला दोऱ्याने बांधायची. त्यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर तो सडतो. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरियाच्या उंच पट्ट्या आणि मधल्या जागेत श्रीलंकेची क्रिप्टोकोरिन वेंडटी. ही सगळी ऊब सोसणारी रोपं आहेत.

क्रिप्टोकोरिनचं नाव निघालं की कोकणाची आठवण ठेवायला हवी. या प्रजातीतली स्पायरॅलिस ही जात आपल्याकडच्या ओढ्यांच्या काठाने आणि भातखाचरांत आढळते आणि मत्स्यालयांच्या बाजारातही ती पोचली आहे. तिची बहीण कॉग्नाटा मात्र दुर्मीळ आहे. जगात ती कोकणपट्टीच्या मोजक्या जागीच उगवते. हौशी माणसाने ओढ्यातून असं रोप उपटून आणू नये. रोपवाटिकेत वाढवलेली रोपं मिळतात, तीच घ्यावीत.

उबेचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. २५ अंशांच्या पाण्यात दर लिटरला जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांत साडेसात. आणि नेमक्या याच उबेत माशाची, फिल्टरमधल्या जिवाणूंची आणि झाडांचीही प्राणवायूची गरज वाढते. दिवे लागलेले असताना झाडं प्राणवायू सोडतात. अंधार पडला की तीही तो घेऊ लागतात. त्यामुळे अशा टाकीतली धोक्याची वेळ पहाटेची. त्यातून कुणी झाडांसाठी सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडत असेल तर तो दिव्यांबरोबरच बंद झाला पाहिजे. झाडांच्या टाकीसाठी लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सांगितली जाते. डिस्कस असताना ती बरीच कमी ठेवावी. वर सांगितलेली रोपं तर या वायूवाचूनही हळूहळू वाढतात. सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवत असतील तर वायू तिथेच थांबवून एअर पंप लावावा. प्रकाश ६ ते ८ तास पुरे. लख्ख उजेडात डिस्कस बुजतो आणि कोपरा धरतो.

टाकी मोठीच हवी. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच टाकीत काठोकाठ ३४० लिटर पाणी मावतं. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर २८० च्या आसपास उरतं. एका प्रौढ माशाला ४० लिटर या हिशेबाने त्यात सहा मासे आरामात राहतात. पाणी, काच, वाळू आणि स्टँड धरून वजन साडेचारशे किलोंच्या पुढे जातं, म्हणून ती भिंतीलगत, तुळईच्या आधाराजवळ ठेवावी.

पाण्याच्या बाबतीत मुंबई-पुण्यासारख्या धरणाचं पाणी पिणाऱ्या शहरांची बाजू चांगली आहे. ते पाणी बहुधा मऊ असतं, फक्त त्यातलं क्लोरिन काढावं लागतं. पठारावर बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांचं तसं नाही. तिथे टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा अनेक ठिकाणी पाचशेच्या पुढे असतो. मग आरओचं पाणी मिसळून तो दोनशेच्या आसपास आणावा. निव्वळ आरओचं पाणी वापरू नये, कारण झाडांना कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं. रस्त्याकडेच्या बदामाची गळून पडलेली, वाळलेली पानं धुऊन टाकीत सोडली तर त्यातलं टॅनिन पाण्यात उतरतं आणि उजेडही थोडा सौम्य होतो. झाडावर औषध फवारलेलं नसावं, एवढी खात्री करावी. हीटरला किनारपट्टीवर उन्हाळ्यात काम नसतं, पण नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात दर लिटरला एक वॉट या हिशेबाने दोन छोटे हीटर लावावेत. एक बिघडला तरी दुसरा चालू राहतो. जिथे वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

टाकी भरली की लगेच मासे आणण्याची घाई होते, आणि इथेच सगळ्यात जास्त मासे मरतात. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही जिवाणूंची वस्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. गरम पाण्यात आणि चढ्या पीएचला अमोनिया जास्त विषारी होतो. त्यात झाडांसाठीची विशेष माती तळाला घातली असेल तर पहिले काही आठवडे तीच अमोनिया सोडत राहते. म्हणून आधी झाडं लावावीत, त्यांची मुळं धरू द्यावीत, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आलेले तपासावेत, मग काही कार्डिनल टेट्रा सोडावेत. डिस्कस सर्वांत शेवटी, दोन-तीन महिन्यांनी.

कार्डिनल टेट्रा हा डिस्कसचा खरा शेजारी. रिओ निग्रोच्या काठी बार्सेलोस गावाच्या परिसरात हे मासे पकडून विकण्यावर अनेक कुटुंबं जगतात, आणि तो व्यवसाय टिकला तर तिथलं जंगलही टिकेल, या विचाराने प्रोजेक्ट पियाबा हा उपक्रम तिथे काम करतो. तळाला स्टर्बाय जातीचे कोरिडोरास चालतात, त्यांना ऊब सोसते. साधा प्लेको मात्र नको. तो रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून चिकट थर खरवडतो.

हा थर डिस्कसच्या आयुष्यात फार मोलाचा आहे. अंड्यांतून निघालेली पिल्लं पोहू लागताच आईबापांच्या अंगाला लागतात आणि त्यांच्या त्वचेवरचा स्राव खातात. आई आणि बाप दोघंही आळीपाळीने पाजतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की पहिले दोन आठवडे आईबाप पिल्लांना मुकाट्याने खाऊ देतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते पिल्लांना टाळून दूर पोहू लागतात आणि पिल्लं बाहेरचं खाणं शोधू लागतात. त्या स्रावात प्रथिनं असतात आणि रोगप्रतिकारक द्रव्यंही. सस्तन प्राण्यांच्या दूध तोडण्याशी या वागण्याचं साम्य संशोधकांनी नोंदवलं आहे.

झाडांच्या टाकीत जोडी जमली तर ती सोर्डच्या पानावर अंडी घालते, पण बाकीचे मासे ती अंडी बहुधा फस्त करतात. लहान डिस्कसला दिवसातून पाच-सहा वेळा खायला आणि जवळजवळ रोज पाणी बदलून लागतं. वाळू आणि मुळांमध्ये अडकलेलं एवढं अन्न काढणं अवघड, म्हणून पैदास करणारे उघड्या तळाच्या टाक्या वापरतात आणि त्यांचं बरोबरच आहे. झाडांच्या टाकीत चार-पाच इंचांचे, वाढ झालेले मासेच आणावेत. त्यांना दिवसातून दोन-तीनदा, पाच मिनिटांत संपेल इतकंच द्यावं. गटारातून काढलेले ट्युबिफेक्सचे जिवंत किडे देऊ नयेत, त्यांतून रोग येतात. दर आठवड्याला निम्म्याच्या आसपास पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदलावं.

मुंबईत कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटला मासे घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी दुकानदाराला त्यांना खायला घालायला सांगा. जो मासा पुढे येऊन खातो, ज्याचे डोळे शरीराच्या मानाने मोठे दिसत नाहीत, ज्याची विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी नाही, तोच घ्या. सहाच्या सहा मासे एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी आणा. एक-दोन आणले तर दांडगा दुबळ्याला खाऊ देत नाही. आणि घरी आल्यावर तीन-चार आठवडे त्यांना साध्या, रोपं नसलेल्या वेगळ्या टाकीत ठेवून मगच बागेत सोडा, कारण झाडांच्या टाकीत औषध टाकायची वेळ आली तर मासा आणि झाडं दोन्ही वाचवणं कठीण जातं.